लंगोटाची अकरा पानं

पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याचं काम एकच, गळती पकडायची. नवा पंप पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. बुडबुडा आला की पंप माघारी. चौदा वर्षं हेच. त्यामुळे कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं, बाकी सगळ्यांना तो बुडबुडे. त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. जगात जे काही गळतं ते आपल्या नजरेखालून गेलेलं नसतं म्हणून गळतं, असा त्याचा प्रामाणिक समज होता. अशा समजाच्या माणसाला मुलगी झाली.

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तिच्या बुडावर लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिलं आणि सांगितलं, "ते दुकानातले, वापरून फेकायचे, एकदम बंद. साधं सुती कापड वापरा, आणि ओलं झालं की लगेच बदला."

याहून सोपं वाक्य सगळ्या वैद्यकशास्त्रात शोधून सापडायचं नाही. बायको मान डोलावून उठतच होती, तेवढ्यात बुडबुडे म्हणाला, "कापडाचं मी बघतो."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं असं तो पुढे बरेच दिवस सांगत असे.

बायकोकडे मुळात वेळ कमी होता. ती कवळ्या घडवायची. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ही मेणात एकेक दात बसवून अख्खं हसू तयार करायची. आठ वर्षांचा हात. तिने घडवलेल्या कवळीने माणूस शेंगदाणे फोडतो, अशी तिची ख्याती. सुट्टी संपायला अठरा दिवस होते आणि मालकाचा निरोप आला होता, अठरा दिवसांनी सोमवारी सकाळी नऊला बाकावर येऊन बसा, नाहीतर मी दुसरी बाई बघतो. मालक वाईट नव्हता. लोक दातांवाचून थांबले होते. आणि बायकोला जायचं होतं. स्वयंपाकघरात पिठाचा गोळा हातात आला तरी तिचा अंगठा आपोआप त्यात दाढेचा खळगा पाडायला लागला होता. तिच्या कामापासून चालत पाच मिनिटांवर एक पाळणाघर होतं, दुपारी येऊन दूध पाजता येईल असं ते एकच. तिथे बाळाला घेतलं तर नोकरी, नाहीतर नाही.

म्हणजे प्रश्न एका लंगोटाचा होता. तो बुडबुडेने हातात घेतला.

कोणताही शहाणा माणूस शेजारचं दार वाजवून विचारून आला असता. शेजारच्या काकूंनी चार पोरं वाढवली होती, चारही आता आपापल्या पायावर कोरडी उभी होती. पण बुडबुडेने वाचन केलं आणि पाच नमुने मागवले. एक खिशाचं, म्हणजे आतल्या खिशात जाड पट्टी सरकवायची. एक सगळं-एकातच, म्हणजे पट्टी आतच शिवलेली. एक बटणांचं, त्याला इतकी बटणं की बाळापेक्षा बटणंच जास्त. एक साधं चौकोनी, आणि त्यावर घालायला लोकरीचं आवरण. पाचवं कसं घालायचं ते त्याच्या कागदावरही धड दिलेलं नव्हतं.

मग चाचणी. गरम पाण्याने शेकायची रबरी पिशवी त्याने कोमट पाण्याने भरली, योग्य जागी भोक पाडलं, त्यात नळी बसवली आणि नळीला चिमटा लावला. मांड्यांच्या जागी दोन गुंडाळलेले टॉवेल. पिशवीला लंगोट घालायचा, चिमटा सोडायचा, घड्याळ लावायचं, खाली पसरलेल्या कागदावर डाग किती ते पट्टीने मोजायचं. जेवणाचं टेबल त्यात गेलं. घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवायला लागली.

"ही धाकटी का?" बायकोने पहिल्या दिवशी विचारलं.

"हा नमुना आहे."

"गुणाची आहे. रडत नाही, लाथा मारत नाही."

यातला दुसरा मुद्दा बुडबुडेने तिथेच वहीत टिपून घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चाचणी चालू असताना तो इतरांचं ऐकत नसे.

पहिल्याच फेरीत पाचही लंगोट नापास. पाणी कापडावरून कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं आणि टेबलावरून थेट त्याच्या पायमोज्यात. त्याने पाचही उत्पादकांना पत्रं लिहिली, आलेखासह. एका ठिकाणाहून सभ्य उत्तर आलं, कापड वापरण्याआधी पाच-सहा वेळा धुवावं लागतं, तोवर ते पाणी शोषत नाही, ही सूचना वेष्टनावर मोठ्या अक्षरात छापली आहे. ते वेष्टन बुडबुडेने गळतीचा डाग मोजायला खाली पसरलं होतं.

तो खचला नाही. त्याने पाचही धुतले, सहा वेळा. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं धुतलं म्हणून अभिमानही वाटला. आणि मुलीच्या त्वचेला टोचू नये म्हणून प्रत्येक धुण्यात कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रावण सढळ हाताने ओतलं. कापडं लोण्यासारखी मऊ झाली. दुसऱ्या फेरीत पाणी पूर्वीपेक्षा वेगाने घरंगळलं.

आवाज ऐकून काकू दारात आल्या. त्यांनी कापड हातात घेतलं, नाकाला लावलं आणि विचारलं, "अत्तर घातलंय का याला?"

"मऊ व्हावं म्हणून."

"त्याचा थर बसतो, बाबा. थरावर पाणी थांबतं कुठे? गरम पाण्यातून काढ."

"किती गरम?"

"हाताला सोसेल एवढं."

हाताला सोसेल एवढं हे काही माप नव्हे, असं बुडबुडेचं मत पडलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील तेव्हा जिन्यात उभे होते. ते जिन्यातच राहत असावेत. त्यांनी मुलं वाढवली नव्हती, पण मुलांच्या ताब्याचे खटले चालवले होते, त्यामुळे त्यांचा सल्ला ठाम असे. "उकळा," ते म्हणाले. "जंतूंना संशयाचा फायदा देऊ नका."

माणसाला एकीकडे चार पोरांची आई सांगते आणि दुसरीकडे एक वकील, आणि माणूस वकिलाचं ऐकतो. का ऐकतो? कारण वकील पुरुष होता आणि त्याने वाक्य जोरात म्हटलं, दुसरं काही नाही. बुडबुडेने पाचही लंगोट वीस मिनिटं खळखळ उकळले. खिशाच्या लंगोटाचं न गळणारं अस्तर साल सुटावी तसं सुटलं. इलॅस्टिक सैल पडलं. लोकरीचं आवरण आटून आटून इतकं झालं की ते अंड्याला नीट बसलं असतं. बटणंवाल्याची बटणं मात्र शाबूत राहिली, धरायला काही उरलं नसताना.

या सगळ्या दिवसांत मुलगी काय घालत होती?

हा प्रश्न बुडबुडेला पडला नाही. बायकोने पहिल्याच संध्याकाळी दोन जुन्या सुती चादरी फाडून चौकोन केले होते. दिवसाला पंधरा-वीस चौकोन ती बदलत होती, धूत होती, दोरीवर टाकत होती. चट्टे फिकट व्हायला लागले होते. त्या वाळत घातलेल्या चौकोनांखालून वाकून वाकून बुडबुडे टेबलापर्यंत जायचा आणि एकदा तर तिला म्हणाला, "ही दोरी जरा बाजूला घे ना, मला उजेड कमी पडतोय."

तिने दोरी बाजूला घेतली. काही बोलली नाही. न बोलण्याची तिची ती पद्धत ज्याला कळते तो माणूस घाबरतो. बुडबुडेने उजेड बरा झाला म्हणून आभार मानले.

सात दिवस उरले तेव्हा दोघं पाळणाघरात गेली. स्वच्छ खोली, खिडकीखाली ओळीने खाटा, भिंतीवर नियमांची पाटी. संचालिकाबाई ताठ, आवाज कोरडा. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि परत केली.

"नियम एकोणीस. कापडाचे लंगोट इथे चालत नाहीत."

"पण चट्टे येतात तिला," बायको म्हणाली.

"मला वाईट वाटतं. नियम आहे."

"काहीच मार्ग नाही?"

बाईंनी बाळाकडे पाहिलं. बाळ नियमांच्या पाटीकडे पाहत होतं. "आरोग्य कार्यालयाचं पत्र आणा, आणि तुमची पद्धत लेखी द्या. शुक्रवारी इथे येऊन करून दाखवा. मग बघू. शब्द देत नाही."

बायकोचा चेहरा पडला. बुडबुडेचा उजळला. लेखी पद्धत. करून दाखवणं. अखेर कोणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं.

आरोग्य कार्यालयात तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीतल्या माणसाने अर्ज उलटसुलट केला. "कापड आहे ना? मग आमचं नाही."

"बाळाचं आहे."

"बाळ जन्मलंय का?"

"तीन महिने झाले."

"मग जन्मनोंदणी झाली. तुमचं काम संपलं."

दुसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने मात्र खोलात शिरायचं ठरवलं. त्याने पेन टेबलावर ठेवलं. "मला एक सांगा, हा जो लंगोट आहे, तो भरलेला आहे की रिकामा?"

"दोन्ही. म्हणजे आधी रिकामा, मग भरलेला."

"तसं नाही चालत. रिकामा असेल तर वस्तू, तो माझ्याकडे. भरलेला असेल तर कचरा, तो सफाईकडे, मागची इमारत."

"कचरा नाही हो. धुवून परत वापरायचा."

कारकुनाचा चेहरा बदलला. भरलेला असून कचरा नाही, अशी गोष्ट त्याच्या बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच समोर आली होती. तो आत गेला, साहेबांना घेऊन आला. साहेबांनी बुडबुडेकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "आत्ता जवळ आहे का एखादा?"

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी शिक्क्यासह पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की सदर विषयाबाबत या कार्यालयाची हरकत नाही, तसेच संमतीही नाही. बुडबुडेने ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं.

लेखी पद्धत झाली अकरा पानांची. घडीच्या आकृत्या, शोषणाचे तक्ते, पाण्याचं तापमान, परिशिष्टात बादलीचं झाकण. खरं सांगायचं तर त्याने इतक्या दिवसांत एवढं मन लावून दुसरं काही केलं नव्हतं, आणि त्यामागे लबाडी नव्हती. त्याला बायकोला कामावर पाठवायचंच होतं. तिचे अंगठे पिठात खळगे पाडताना त्यानेही पाहिले होते. फक्त प्रेम दाखवायची त्याची रीत अशी की समोरच्याच्या वाट्याला धुणं यायचं आणि त्याच्या वाट्याला तक्ता.

शुक्रवारी सकाळी चौघं निघाली. तो, बायको, बाळ आणि पिशवीत रबरी नमुना.

पाळणाघरात संचालिकाबाईंच्या शेजारी मावशी उभ्या होत्या. बाळांचं सगळं त्याच बघायच्या, ते त्यांच्या कमरेला खोचलेल्या पदरावरूनच कळत होतं. बुडबुडेने पाकिटातलं पत्र दिलं. बाईंनी वाचलं. "हे पत्र कशाचंच नाही," त्या म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. मग त्याने रबरी पिशवी टेबलावर मांडली आणि बोलायला सुरुवात केली. उकळूनही टिकलेला साधा चौकोनी लंगोट पिशवीला सुरेख बसला. चिमटा सोडला. एक थेंब गळला नाही. त्याने मान वर केली.

मावशी म्हणाल्या, "साहेब, आता बाळाला घाला."

त्या क्षणी बुडबुडेला, बायकोला आणि बहुधा बाळालाही एकाच वेळी लक्षात आलं की पंधरा दिवसांत त्याने खऱ्या बाळाला एकदाही लंगोट घातला नव्हता.

त्याने बाळ टेबलावर ठेवलं. कापड पसरलं, आकृती तीनप्रमाणे. बाळाने एक पाय आकृतीबाहेर काढला. तो पाय आत घेईपर्यंत दुसरा. मग बाळ कुशीवर वळलं, ही क्रिया तक्त्यात नव्हती. त्याने एका हाताने कंबर धरली, दुसऱ्याने टोक धरलं आणि तिसऱ्या हाताची गरज पडली तेव्हा दातांनी दुसरं टोक धरलं. एवढ्यात मुलीने मोकळेपणाने, कसलंही वाईट मनात न आणता, त्याच्या शर्टावर, टेबलावर आणि अकराच्या अकरा पानांवर व्हायचं ते केलं. शाई पसरली.

संचालिकाबाईंनी ओलं पान सातवं दोन बोटांनी उचललं. "इथे पाण्याचं तापमान आहे," त्या म्हणाल्या. "साबणाचं प्रमाण आहे. धुणार कोण, ते कुठल्या पानावर आहे?"

त्याने पानं चाळली. एकमेकांना चिकटलेली पानं सोडवून सोडवून चाळली. नव्हतं. बादलीच्या झाकणाला अर्धं पान होतं, आणि ते कोणी उघडायचं याला एक ओळ नव्हती.

"तीन वर्षांपूर्वी असेच एक वडील आले होते," बाई म्हणाल्या. आवाज कोरडाच होता, पण आता त्या मावशींच्या हातांकडे पाहत होत्या. "रोज संध्याकाळी ओले लंगोट घरी नेतो म्हणाले. पहिल्या आठवड्यानंतर गाडीत वास येतो म्हणून न्यायचे बंद झाले. या सहा महिने धूत होत्या. मला सांगितलं नाही यांनी. हाताची कातडी सोलली तेव्हा मला दिसलं. त्या दिवशी मी नियम एकोणीस लिहिला."

मावशींनी हात पदराखाली घेतले. "जाऊ द्या बाई, बरे झाले आता."

बुडबुडे चौदा वर्षं गळती शोधत होता आणि आपल्याच घरात रोज वीस चौकोन कोणाच्या हातून जातात ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याने आता बायकोच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडा फुटल्या होत्या. सोमवारी याच हातांनी मेणात दात बसवायचे होते. त्याला त्या ओल्या शर्टात उभं राहून इतकी लाज वाटली की ती लपवायचंही सुचलं नाही.

"मी धुवीन," तो म्हणाला.

"असं तेही म्हणाले होते."

"मग मला इथे बसवा. तुमच्यासमोर धुतो. मला येत नाही, ते तुम्ही बघितलंच. शिकवा."

संचालिकाबाईंनी ओलं पान टेबलावर ठेवलं. मावशी पुढे झाल्या, बायकोच्या पिशवीतून चादरीचा एक चौकोन काढला, बोटांत चोळून पाहिला. "हे कोणी केलं?"

"मी. नुसतं फाडलंय," बायको म्हणाली.

"धुतलंय छान. उन्हात घालता ना?" त्यांनी बाळाला एका हाताने असं उचललं की बाळाला पाय हलवायची आठवणच राहिली नाही. चौकोन तिरपा, एक घडी, मांडीशी किंचित दुमड, पोटापाशी दोन बोटं जातील एवढी जागा. झालं. बाळ जांभई देऊन मोकळं. "बाई, आठ दिवस येऊ दे यांना," मावशी म्हणाल्या. "हाताला वळण लागलं तर ठेवू. पळून गेले तर नियम आहेच."

कारखान्यात त्याने रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी वाचला आणि त्याला आत बोलावलं. "प्रशिक्षण लिहिलंय. कशाचं?"

"लंगोट धुण्याचं, साहेब."

साहेबांना दोन मुलगे होते. त्यांनी सही केली आणि हळूच विचारलं, "अवघड असतं का?"

सोमवारी नऊला बायको तिच्या बाकावर गेली. बुडबुडे पाळणाघराच्या मोरीत बुटक्या स्टुलावर बसला. गुडघे कानाशी, बाह्या वर, समोर बादली. मावशी मागे उभ्या. "आपटू नका, कापड आहे. चोळा. साबण निघाला का ते बघा. डोळ्यांनी नाही, बोटांनी. सुळसुळीत लागतं तोवर आहे." पाणी हाताला सोसेल एवढं गरम होतं. आता ते माप त्याला समजत होतं. पहिल्या तासात पाच लंगोट झाले, पाठ मोडली, आणि बायकोने हे कसं केलं असेल हा प्रश्न त्याला दर लंगोटाला नव्याने पडत होता. मावशींनी न विचारता पाठीमागे भिंतीला उशी लावून दिली. चट्टे कसे आहेत ते बघायला संचालिकाबाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या मलमाची डबी बाळाच्या खाटेपाशी ठेवली आणि निघून गेल्या. लोक किती चांगले असतात, ते कळायला माणसाला कधीकधी मोरीत बसावं लागतं.

सव्वाअकराला फोन वाजला. बायकोचा होता. दूध किती घेतलं, झोपली का, सगळी उत्तरं त्याने तयार ठेवली. ती काही विचारेना.

"काय झालं गं?"

"काही नाही." आवाज चोरी सापडल्यासारखा. "आत्ता घड्याळ बघितलं. खालचे सगळे दात लावून झाले. छान बसलेत. आणि दोन तास झाले, मला तिची एकदाही आठवण आली नाही."

ओल्या हातातून फोन घसरत होता, तो त्याने दुसऱ्या हातात घेतला.

"ऐकतोयस ना? रागावलास?"

"नाही. वरचेही लाव. घाई करू नकोस."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी तिचं असं हसणं त्याने ऐकलं.

मावशी दारात उभ्या होत्या. "काय म्हणते पोरीची आई?"

"म्हणते, दोन तास आठवणच आली नाही."

मावशींनी मान हलवली, खूण पटल्यासारखी. "म्हणजे आपण काम बरं करतोय," त्या म्हणाल्या. "ठेवा तो फोन, आणि हात पुसून या. खिडकीखालचं ते गोबरं बाळ ओलं झालंय."

ते गोबरं बाळ दुसऱ्या कोणाचं तरी होतं. बुडबुडे हात पुसत उठला.